येळवशीला तीनचाकीवरून

मामींचा पहिला प्रश्न रास्त होता: "पाय कुठं ठेवू?" लग्न झाल्यापासून त्या मामांच्या मागं एका अंगानं बसत आल्या. पिशवी मांडीवर, एक हात मामांच्या खांद्यावर, दुसरा मागच्या कडीला आणि दोन्ही पाय खाली लोंबते. आता नव्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक लागलं होतं आणि जिथं मामींची पावलं असायची, नेमक्या तिथं मडगार्ड आलं होतं. "त्याच्यावरच ठेव," मामा म्हणाले. मामींनी ठेवले, पदर खोचला आणि पालखीत बसल्यासारखी मान ताठ केली.

मामांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. भारत पोलिओमुक्त झाल्याचं शिक्कामोर्तब मार्च २०१४ मध्ये झालं. मामांच्या पिढीला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी त्यांनी नोकरीची सगळी वर्षं लुनावर काढली. किनेटिकनं १९७२ साली आणलेली ही लुना इतकी बुटकी आणि हलकी, की एका चांगल्या पायावर तिला तोलून धरता यायचं. निवृत्तीनंतर तो चांगला पायही कुरकुरायला लागला. तेव्हा मुलानं स्कूटरला बाजूची चाकं बसवून आणली, आरटीओत जाऊन आरसीवर तशी नोंद करून घेतली आणि जाहीर केलं, की आता बाबांना तोल सांभाळायची गरजच उरली नाही. त्याचं म्हणणं गाडीपुरतं खरं होतं. मामांच्या अंगाला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं.

ही चाकं बसवताना मूळचं मागचं चाक जागेवरच राहतं आणि गाडी ओढायचं कामही तेच करतं. चासीला आडवा दांडा बोल्टनं आवळतात आणि त्याच्या दोन टोकांना शॉकअपवर एकेक चाक टांगतात. ही दोन नुसती फिरतात, इंजिनाशी त्यांचा संबंध नाही. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण गल्लीत कुणी मोजत बसत नाही. सगळे तिला तीनचाकीच म्हणतात.

गल्लीत दोन-चार फेऱ्या एकट्यानं मारून झाल्या होत्या. मागं माणूस बसवायची वेळ मात्र पहिलीच, आणि तीही थेट नांदेड ते लातूर, सुमारे १४० किलोमीटर. कारण येळवस तोंडावर आलेली. वेळा अमावास्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो, बाजारपेठ ओस पडते, आणि मामींचं माहेर त्याच जिल्ह्यातलं. मामींनी आदल्या रात्री हिशेब मांडून पाहिला होता. "एसटीत मला अर्धं तिकीट, तुमचं पाऊण माफ. तुमच्या पेट्रोलात दोघं जाऊन येऊ की!" हिशेबात खोट काढता येत नव्हती, म्हणून मामांनी तो ऐकूच आला नाही असं केलं.

लातूर फाट्याला पहिला थांबा आला. मामांनी जन्माच्या सवयीनं पाय खाली टाकला. गाडी अजून वीतभर पुढं सरकत होती, आणि बाजूचं चाक येऊन टाचेला भिडलं. तीनचाकीवर नव्यानं बसणाऱ्या प्रत्येकाला जगभर हाच इशारा देतात, की पाय वरच ठेवा. मामांना तो चाकानंच दिला. "आता कामून उतरायलाव?" मागून मामींनी विचारलं.

खरी गंमत वळणावर. दुचाकी वळते ती कलून. चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. तीनचाकी कलत नाही. जिकडं जायचं तिकडं हँडल चक्क फिरवावं लागतं, आणि अंग मात्र उलट्या बाजूला फेकलं जातं. आतलं चाक हलकं होतं. वेग फार असेल तर उचललंही जातं. म्हणून वेग वळणाआधीच उतरवायचा आणि दोघांनी आतल्या अंगाला झुकायचं. हे पुढच्याला कळून भागत नाही, मागच्यालाही कळावं लागतं. मामांनी तसं सांगताच मामी उखडल्या. "सारा जन्म म्हणत आलाव, मागं बसलं की हलू नको. आता म्हणता झुक!" त्यांची बाजू अगदी बरोबर होती. पुढचं वळण आलं तेव्हा त्या झुकल्या, पण माहेराच्या दिशेनं. वळण दुसऱ्या बाजूचं होतं.

सरळ रस्त्यालाही सुख नव्हतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार ठेवतात. दुचाकीवाल्याला तो कधी कळत नाही. तीनचाकीची सगळी चाकं त्या उतारावर बसतात आणि गाडी हळूहळू डावीकडं ओढ घेते. लोहा येईपर्यंत मामांचे दंड भरून आले. तेवढ्यात शेजारून एक ॲपे भरधाव गेली, आत किती माणसं आणि बाहेर किती, हे तिच्या चालकालाच ठाऊक. तीही स्कूटरचीच लेक. इटलीत १९४८ साली व्हेस्पाला मागं दोन चाकं आणि हौदा जोडून तिचा जन्म झाला, आणि आता ती बारामतीत बनते. फरक एवढाच, की तिच्या मागं बसणाऱ्यांना झुका म्हणून कुणी सांगत नाही. झुकायला जागाच नसते.

लोह्यापुढं माळेगाव. येळवशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, इथली खंडोबाची यात्रा सुरू होते, आणि ती नेमकी याच रस्त्यावर. घोडे, गाढवं, उंट, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार". दुचाकीवाले फटीफटीतून निघून गेले. तीनचाकीला फट पुरत नाही, हे मामांना तिथं कळलं, कारण हँडल जिथून गेलं तिथून बाजूची चाकं जाईनात. अडकलेल्या गाडीपाशी एक घोडेवाला आला. त्यानं उकिडवं बसून बाजूच्या चाकावरून हात फिरवला, दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडचंही चाचपलं.

"पाव्हणं, मागले पाय तीन कसे?"

"मधला ओढतो. बाकीचे दोन सोबतीला."

"चालीला कशी हाय?"

"सरळ बरी. वळताना हट्ट करती."

"मग लगाम ढिला सोडू नका," एवढं सांगून तो गेला. वळणाबद्दल मामांना दिवसभरात मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला.

पुढं बालाघाटाचे चढ लागले. दोन माणसं, दोन जादा चाकं, मामींच्या तीन पिशव्या; इंजिन कण्हायला लागलं. सायकली पुढं जाऊ लागल्या तेव्हा मामांनी मामींना बर्टा बेंझची गोष्ट ऐकवली. कार्ल बेंझची मोटारही तीनचाकीच होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटर. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं साफ केली, ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची.

मामींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे तीबी माहेरालाच निघाली होती," त्या म्हणाल्या. "पण मी उतरणार नाही."

अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड ही गावं चहाच्या थांब्यांवर सरली. एमएच-२६ च्या पाट्या मागं पडून एमएच-२४ च्या दिसायला लागल्या तशी मामींची कळी खुलली. लातुरात शिरल्यावर त्यांना गंजगोलाईतून बांगड्या घ्यायच्या होत्या. १९१७ साली वसवलेली ही गोल पेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते फुटलेले. तीनचाकी शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, कारण इथं वळण संपतच नाही. मामांना हवा तो रस्ता पहिल्या फेरीत निसटला, दुसऱ्या फेरीतही. पण त्या गोल फिरण्यात मामींना सूर सापडला. देवळाच्या बाजूला अंग टाकून त्या अशा बसल्या, की गाडी एकदाही डळमळली नाही. तिसऱ्या फेरीला त्यांनी मागूनच एका हातगाडीवरच्या पेरूंचा भाव विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेत. आंबिलाचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांचं टोपलं, सगळं मामींच्या मांडीवर आणि पायांपाशी. बांधाच्या वाटेवर मधोमध एक उभी चारी लागली आणि गाडी अशी काही बसली, की बाजूची दोन्ही चाकं काठांवर टेकली आणि मधलं, ओढणारं चाक खड्ड्यावर अधांतरी. मामांनी ॲक्सिलेटर पिळला. चाक जोरात फिरलं, गाडी जागची हलली नाही. कडब्याच्या कोपीपाशी पांडवांच्या पाच दगडांना चुना लावणारी भाचरं ओरडत धावून आली आणि गाडीला भिडली.

"थांबा रे!" मामी कडाडल्या. आधी त्यांनी आंबिलाचं मडकं उतरवून भावजयीच्या हाती दिलं, मग पातेलं, मग टोपलं. स्वतः मात्र मडगार्डावर पाय ठेवून तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, आता ढकला."