गार्डसकट बोला

सुतारकामाच्या जुन्या मशिनांच्या ऑनलाइन जाहिराती उघडा आणि फोटोत एकच गोष्ट शोधा: सर्क्युलर सॉच्या पात्यावरचं झाकण. बहुतेक फोटोंत ते सापडणार नाही. टेबल पुसलेलं असतं, मोटारीला ताजा हिरवा रंग असतो, खाली ‘चालू कंडिशन, कारखाना बंद करायचा आहे, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये’ असं लिहिलेलं असतं. पातं मात्र उघडंच. रंधा मशीनचीही तीच गत, कटरवर सरकणारा गार्ड गायब. अशी मशिनं सर्रास या हातातून त्या हातात जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, याचा मला राग येतो.

जुनं मशीन घेण्याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. जुन्या बिडाच्या टेबलाचा भक्कमपणा आजच्या पत्र्याच्या स्टँडला येत नाही. स्वतःचं दुकान थाटू पाहणाऱ्या कारागिराला पहिलं मशीन जुनंच परवडतं. मॉड्युलर फर्निचरच्या मागणीमुळे पॅनेल सॉ आणि एज बँडरकडे वळलेले कारखाने जुनी मशिनं काढतात, ती अशा पोरांच्या कामी येतात, हे चांगलंच आहे. फक्त विकताना पूर्ण मशीन विका.

परवा एका विक्रेत्याला फोनवर विचारलं, ‘दादा, गार्ड कुठाय?’ म्हणाला, ‘साहेब, तो आड येतो. सगळेच काढून ठेवतात. तुम्ही मशीन बघा ना.’ गेलो बघायला. गार्ड शेडच्या कोपऱ्यात होता, गोंदाच्या रिकाम्या डब्यांखाली, बिजागरीपाशी गंजून घट्ट झालेला. पात्याच्या मागे उभा असतो तो पोलादी तुकडा, रायव्हिंग नाइफ, तो तर नव्हताच. त्याचं काम काय, तर लाकूड चिरताना मागची चीर मिटू न देणं. चीर मिटली की लाकूड पात्याला आवळतं, आणि पात्याचे मागून वर येणारे दात तीच फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. 12 इंची पातं 2880 आरपीएमने फिरत असेल, तर दातांचा वेग ताशी 165 किलोमीटरच्या घरात जातो. तो दणका पोटात बसतो, आणि फळी ढकलणारा हात पात्यावर जाऊ शकतो. हे सगळं टाळणारा तुकडा कधी हरवला, हे त्या विक्रेत्याला आठवतही नव्हतं.

स्टार्टरचं तर त्याहून वाईट. चांगल्या डीओएल स्टार्टरमधली कॉइल लाइट गेली की सुटते. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. कॉइल जळाली की नवी बसवायची सोडून लोक साधा मेन स्विच जोडतात, आणि मशीन तसंच विकतात. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही आणि सांगून येतही नाही. मशीन थांबलंय म्हणून हेल्पर पोरगा पात्याभोवतीचा भुसा हाताने झाडायला लागतो, स्विच चालूच राहिलेला असतो, आणि लाइट येते.

हात जातो तो या पोराचा. त्याने जाहिरात पाहिलेली नसते, भाव केलेला नसतो, गार्ड नको असं म्हटलेलं नसतं.

1948 च्या कारखाना कायद्यात याची जाणीव होती. फिरत्या शाफ्टवरचे उघडे बोल्ट, झाकण नसलेले गिअर असं मशीन कारखान्यासाठी विकणाऱ्यालाही त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. म्हणजे जबाबदारी विकणाऱ्यावरही येते, हे तेव्हाच मान्य झालं होतं. पण चार माणसांची सुतारशेड कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही, आणि जुनी मशिनं जातात ती बहुतेक अशाच शेडमध्ये.

पैशाच्या बाबतीत हीच माणसं आता किती सावध झाली आहेत! पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, मशीन न बघता अॅडव्हान्स द्यायचा नाही, फसलोच तर 1930 वर फोन करायचा, हे शेडमधल्या पोरांनाही ठाऊक असतं. इतका गवगवा झाला म्हणून ते ठाऊक झालं. गार्डचाही तसाच गवगवा करा. जाहिरात छापणाऱ्या वेबसाइटी मोटार किती एचपीची आणि सिंगल फेज की थ्री फेज हे विचारू शकतात, तर पात्यावर झाकण आहे का आणि स्टार्टर कोणता हेही विचारू शकतात. फोटो नसेल तर जाहिरात लावू नका.

तोवर घेणाऱ्यांनी हे करावं. फोनवर पहिला प्रश्न गार्डचा विचारा. बघायला गेलात की मशीन चालू करायला लावा आणि मागून मेन बंद करून पुन्हा चालू करा. मोटार आपोआप फिरली तर स्टार्टरचे पैसे तिथेच कापून घ्या. गार्ड आणि रायव्हिंग नाइफ बनवून घ्यायचा खर्च फॅब्रिकेटरला विचारून ठेवा, तोही कापा, आणि ते बसल्याशिवाय मशीनवर कुणाला उभं करू नका. बाकीची घासाघीस त्यानंतर.