आनंदाची रहस्यं आणि मनमाड रस्ता

श्रीरामपूरला सासर असण्यातली पहिली गंमत म्हणजे ते स्टेशन पाहुण्यांना सापडत नाही. गाव श्रीरामपूर, पण दौंड-मनमाड मार्गावर फलाटावरची पाटी बेलापूर. खरं बेलापूर गाव तिथून अंतरावर प्रवरेकाठी निवांत बसलेलं. आणि ज्या साखर कारखान्याला सगळा तालुका ‘बेलापूर कंपनी’ म्हणत आला, तो ना श्रीरामपुरात ना बेलापुरात, तो हरेगावात. आमच्या लग्नपत्रिकेवर ‘बेलापूर स्टेशनवर उतरावे’ असं छापलं होतं. मुंबईचे एक मामा हार्बर लाइननं बेलापूरला उतरले, नव्या मुंबईत घाम गाळत चर्च शोधत फिरले आणि शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात जेवून घरी गेले. आहेरही तिथंच देऊन आले. जेवण चांगलं होतं, असं ते अजून सांगतात.

दुसरी गंमत अशी की माझं सासर कॅथलिक आणि माहेर ‘मंडळी’तलं, म्हणजे प्रोटेस्टंट. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती, त्यात काय एवढं! त्यांनी एकदा आमच्या दोन विहिणींना एका सोफ्यावर बसवून बघावं. माझी मम्मी नगरची. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरात आलं, आणि मम्मी ते काल संध्याकाळच्या गाडीनं आल्यासारखं सांगते. मिशन जाऊन जमाना झाला, 1970 साली आमची मंडळी उत्तर भारताच्या चर्चमध्ये सामील झाली, तरी मम्मी ‘आपलं अमेरिकन मिशन’ असंच म्हणते. तिनं स्वतः अमेरिका सोडाच, दौंडच्या पलीकडचं स्टेशन पाहिलेलं नाही. सासूबाईंचा मुद्दा याहून साधा असतो. “तुमच्या बायबलात सात पुस्तकं कमी हायेत.” मम्मी म्हणते, “आमच्यात कमी नाहीत, तुमच्यात जादा आहेत.” आमच्या लग्नाच्या बोलणीत हुंड्याचा विषय निघाला नाही, मानपानाचा निघाला नाही. गाडी अडली ती या सात पुस्तकांवर.

तर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा पवित्र मरियेचा, म्हणजेच मतमाउलीचा, जन्मदिवस. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, आणि लगतच्या शनिवार-रविवारी यात्रा. लग्नानंतर बाळंतपण, मग बाळाचे दात, असं करत माझी यात्रा राहूनच गेली होती. या वर्षी सासूबाई मुद्दाम नगरला आमच्या घरी येऊन बसल्या. “पोरीला मतमाउलीच्या पायावर घालायचं हाय. तू नुसती बघायला ये, तुला कुणी जबरदस्ती न्हाई करू राह्यलं.”

मम्मीला फोन केला. पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मम्मी म्हणाली, “बघायला जा. पण एक लक्षात ठेव, आपण मेणबत्ती लाइट गेल्यावर लावतो.”

भाड्याची जीप ठरली. काचेवर अजून ‘नगर’ लिहिलेलं. आमच्या ह्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “2024 ला नाव बदललं की, अहिल्यानगर झालं. पाटी बदलली नाही?” तो म्हणाला, “त्यात नगर हायेच ना साहेब, पुढचं प्रवाशांनी वाचल्यासारखं करायचं.” सातजणांच्या जीपमध्ये आम्ही अकरा बसलो. बाळ धरून बारा, पण बाळ कुणाच्याच मांडीवर दोन मिनिटांहून जास्त टिकत नसल्यामुळं ते सामानातच धरलं.

गाडी सुटली तशी सासूबाईंनी जपमाळ काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जपमाळेत ‘नमो मरिया’ ही प्रार्थना त्रेपन्न वेळा येते, आणि तिच्यात वारानुसार रहस्यं असतात. आनंदाची, दुःखाची, गौरवाची, प्रकाशाची. शनिवारी आनंदाची. दुःखाची मंगळवारी आणि शुक्रवारी. हे वेळापत्रक ज्यांनी ठरवलं त्यांना मनमाड रस्ता ठाऊक नव्हता. विळद घाटापर्यंत आमचं पहिलं रहस्य कसंबसं पार पडलं. पुढं प्रत्येक ‘नमो’ आणि ‘मरिया’ यांच्यामध्ये एक खड्डा येऊ लागला. ‘नमो’ सीटवर म्हणायचं आणि ‘मरिया’ छताजवळ. वार शनिवार, रस्ता मात्र शुक्रवारचा. सासूबाई डगमगल्या नाहीत. त्यांच्या हातातला मणी काही सुटला नाही, माझ्या हातातलं बाळ मात्र दोनदा धाकट्या दिराच्या हातात गेलं.

मी म्हणत नव्हते, नुसती ऐकत होते. आमच्या मंडळीत पाठ प्रार्थनेची फारशी रीत नाही, आम्ही मनची प्रार्थना करतो. मनची प्रार्थना लांबते. जेवणाआधी आमच्या वडलांनी डोळे मिटले, की आजारी शेजाऱ्यापासून देशाच्या पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांची आठवण होते आणि तोवर भाकरी गार. सासरी क्रूसाची खूण करतात, दोन ओळी म्हणतात आणि कालवणाची वाटी पुढं येते. धर्मशास्त्राचं मला कळत नाही, पण गरम भाकरीच्या बाबतीत मी लग्नानंतर पक्की कॅथलिक झाले आहे. गाडीत मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कितीही तोंड मिटून ठेवलं तरी विसाव्या-पंचविसाव्या ‘नमो मरिया’ला ओठ आपोआप हलतात. माझे हलले. ड्रायव्हरचेही हलले. राहुरीच्या अलीकडं तर तो ‘आमेन’ आमच्या आधी म्हणायला लागला.

राहुरीत चहाला थांबलो. राहुरी म्हणजे सगळ्यांना कृषी विद्यापीठ. मला राहुरी म्हटलं की लक्ष्मीबाई टिळक आठवतात. कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं इथं राहिले. मग चहाचा कप हातात घेऊन माझ्यातली नगरची मुलगी जागी झाली. आमच्या नगरात ज्ञानोदय 1842 साली निघालं, मिस फॅरार यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकवायचं शिकून गेल्या, कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि नारायण वामन टिळक... इथं जाऊबाईंनी मला थांबवलं. “हे सगळं तुमच्याकडं. मग आमच्याकडं काय?” सासूबाई कपातला शेवटचा घोट बशीत ओतत म्हणाल्या, “आपल्याकडं गर्दी.”

तरी टिळकांची गोष्ट त्यांनी ऐकली. 1893 साली टिळक आगगाडीनं राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणं रंगलं. त्यानं उतरताना नव्या कराराचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. बिचाऱ्या लक्ष्मीबाई! अकराव्या वर्षी लग्न झालेलं, घर सोवळ्याओवळ्याचं, आणि नवरा एक दिवस असा. पुढं त्या नवऱ्याकडं आल्या तरी चूल आणि पाणी वेगळं ठेवून, आणि 1900 साली त्यांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन बाप्तिस्मा घेतला. रडून काढायच्या त्या वर्षांवर त्यांनी म्हातारपणी जे लिहिलं, ती ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी पोट धरून हसले आहे.

गोष्ट संपल्यावर सासूबाईंनी तिचं सार काढलं. “म्हंजी गाडीत परक्या माणसानं पुस्तक दिलं नवऱ्याला, अन् बायकोला पाच वर्षं निस्तरावं लागलं.” लगेच त्यांनी वळून आमच्या ह्यांना विचारलं, “तू रे कुणाशी बोलू राह्यला मघाधरनं?” हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून ठिबक सिंचनाचं माहितीपत्रक घेत होते. सासूबाईंनी ते काढून घेतलं आणि त्यावर भेळ वाढली.

देवळाली प्रवरा, बेलापूर, मग श्रीरामपूर. श्रीरामपुरात थोरल्या जाऊबाई डबे घेऊन उभ्या होत्या. जीपमध्ये जागा नव्हती, पण डब्यांत बोंबलाची चटणी आहे असं कळल्यावर जागा झाली. कालव्याचं पाणी आणि बेलापूर कंपनी यांच्या जिवावर इथं ऊस उभा राहिला. कंपनीचं धुराडं आता थंड आहे. ऊस मात्र तसाच उभा. सप्टेंबरात तो माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो, आणि त्यातून जाणाऱ्या रस्त्यावर पुढं काय आहे ते दिसत नाही, ऐकू येतं. आम्हाला टाळ ऐकू आले. मग ढोलकी. मग वळणावरून झेंडे आले, त्यांच्यामागं चपला हातात घेतलेली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली माणसं. पायी आलेल्या दिंड्या त्या. हुबेहूब वारी, फक्त मध्ये क्रूस. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि न सांगता हात जोडले.

गर्दीबद्दल सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. माणसं लाखाच्या घरात जमतात, असं म्हणतात, आणि मला तर वाटलं की ती सगळी माझ्याच पायावर उभी आहेत. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, जीन्समधल्या पोरी, कपाळावर कुंकू लावलेल्या बायाही पुष्कळ. नवस मतमाउलीला बोलायचा, मग धर्माचा दाखला कोण मागतो! पाळणे, खेळणी, गोडी शेव, भजी, आणि दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांचे ढीग.

ह्यांना बाळासाठी दूध आणायला पाठवलं. माझा हा नवरा स्वभावानं फार चांगला, पण बाजारात सोडला की टिळकांच्या वळणावर जातो. संसाराला लागणारी वस्तू आणायला निघालेला कवी भलतंच घेऊन परत यायचा, हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंच आहे. हे अर्ध्या तासानं परत आले ते साबणाचे फुगे काढायची बंदूक, मोरपंखी रंगाचा कंगवा आणि दोन मोठ्या मेणबत्त्या घेऊन. “दूध?” “अगं, तिकडं फार गर्दी होती.” मी काही बोलणार, तोच त्यांनी फुगे सोडले, बाळ खदखदा हसलं आणि माझं भांडण तिथंच फुटलं. असल्या माणसाशी नीट भांडताही येत नाही.

दर्शनाच्या रांगेत सासूबाईंनी बाळाला डोक्यावर धरलं. गुडघे दुखतात म्हणून घरात पाट न उचलणारी बाई तासभर ते वजन वर धरून चालली. मी मागितलं तर दिलं नाही. पदरानं माझ्या कपाळाचा घाम मात्र एकदा पुसला, मागं न बघता, चुकून दुसऱ्या कुणाचा पुसला गेला असता तरी चाललं असतं अशा बेतानं.

मतमाउलीपुढं आलो. आता घरातले सगळे काय मागतात, ते मला तिथं कळलं, कारण सासरी नवस मनात बोलायची पद्धत नाही. ह्यांनी पुण्याला बदली मागितली. सासूबाईंनी ती होऊ नये असं मागितलं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. थोरल्या जाऊबाईंनी वेगळा गॅस मागितला, धाकट्या दिरानं बायको, आणि ड्रायव्हरनं जीपचे हप्ते फिटू देत म्हणून आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी मेणबत्ती लावली. मतमाउलीनं हे सगळं कसं जुळवायचं, तिचं तिला माहीत.

ह्यांच्या दोन मेणबत्त्या माझ्या हातात राहिल्या होत्या. पैसे दिलेले. परत तर कुणी घेणार नाही. आमच्या मंडळीत आणखी काही शिकवलं नसेल, पण वाया घालवू नये हे नक्की शिकवलंय.

परतीला, जीप श्रीरामपूरच्या चौकात अडकलेली असताना मम्मीचा फोन आला. पहिला प्रश्न, “मेणबत्ती लावलीस?” मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

“विहीणबाई, काळजी करू नका. पोरगी तुमच्या शब्दाबाहेर न्हाई गेली. एक मेणबत्ती न्हाई लावली तिनं.” मम्मीचा सुस्कारा जीपभर ऐकू आला. “दोन लावल्या. एक पोरीच्या नावानं, एक तुमच्या गुडघ्याच्या नावानं.”

पलीकडं बराच वेळ शांतता. आता सात पुस्तकं निघणार म्हणून मी बाळाच्या कानावर हात ठेवला.

“कोणत्या गुडघ्याच्या?” मम्मीनं विचारलं. “माझा डावा दुखतो.”

“दोन्हीच्या धरा.”

“बरं.” मग जरा घसा साफ करून, “पुढच्या वर्षी जीपमध्ये एक जागा होईल का हो? मी नुसती बघायला येईन.”

“या की,” सासूबाई म्हणाल्या, “सूनबाईपण नुसती बघायलाच आली व्हती.”