कॅमेऱ्याची सोय आहे

अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीला मागे कॅमेरा असावाच लागतो. रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांच्या आत गाडीमागचा दहा फूट बाय वीस फूट पट्टा पडद्यावर दिसला पाहिजे, इतक्या बारकाईने तो नियम लिहिलेला आहे. दहा हजार पौंडांच्या आतली कुठलीच गाडी त्यातून सुटत नाही. सुटतात ती दोनच वाहनं : मोटारसायकल आणि ट्रेलर. मोटारसायकलचं एक वेळ समजू शकतो. तिच्यावर बसलेल्याला मान वळवता येते. पण तीस फूट लांब, आठ फूट रुंद, अकरा फूट उंच, आत पलंग, शेगडी आणि संडास असलेलं अख्खं घर गाडीला बांधून ओढायचं, तर त्याला मागचं दिसायची गरज नाही, हे कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि राजपत्रात छापूनही आलं. ट्रेलरला चालक नसतो, मग डोळे कशाला, असा काहीतरी विचार झाला असावा.

आता ट्रेलर ओढणाऱ्या पिकअप ट्रकला मात्र कायदा लागू आहे. तो बिचारा कायद्याला धरून वागतो. ट्रेलर जोडलेला असतानाही रिव्हर्स टाकला की दोन सेकंदांत तो मालकाला मागचं दृश्य दाखवतो. दृश्यात ट्रेलरच्या तोंडाशी बांधलेले दोन गॅस सिलिंडर असतात. हलत नाहीत, डुलत नाहीत, रंगीत आणि सुस्पष्ट.

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी असा ट्रेलर घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, "हॉटेलात राहायचा कंटाळा आला. सकाळी पोहे मिळत नाहीत." पोह्यांसाठी इतका खर्च करणारा माणूस आमच्या पाहण्यात दुसरा नाही. खरेदीला ते शेजारच्या इंडियानात एल्कहार्टला गेले. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच भागात बनतात, आणि गाव स्वतःला या धंद्याची जगाची राजधानी म्हणवून घेतं. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. हे लोक मोटार बाळगत नाहीत, घरी वीजवाल्यांची तार येऊ देत नाहीत, आणि फोटोसाठी उभं राहणंही त्यांना पसंत नाही. तर मोटारीला जोडायच्या, विजेवर चालणाऱ्या घराच्या पाठीवर कॅमेऱ्याची जागा कोण तयार करतं? जो स्वतः घोडागाडीने फिरतो, तो. इतकी अलिप्तता आमच्या गावच्या वारकऱ्यांनाही साधलेली नाही.

'कॅमेऱ्याची जागा' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतोय. विक्रेत्याने स्नेह्यांना सांगितलं होतं की यात सोलर प्रेप आहे, वॉशर प्रेप आहे, कॅमेरा प्रेप आहे. स्नेह्यांनी ते वहिनींना मराठीत सांगितलं : सोलरची सोय आहे, वॉशिंग मशीनची सोय आहे, कॅमेऱ्याची सोय आहे. वहिनी खूश झाल्या. घरी आल्यावर उलगडा झाला. सोलरची सोय म्हणजे बाजूच्या भिंतीवर झाकण लावलेलं एक भोक. वॉशिंग मशीनची सोय म्हणजे एक रिकामं कपाट, आत तोंड बंद केलेले दोन नळ. आणि कॅमेऱ्याची सोय म्हणजे मागच्या भिंतीवर अगदी वर, लाल दिव्यांच्या शेजारी, चार स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची काळी डबी. डबीत कॅमेरा नाही. आपल्याकडे 'नियोजित उद्यानासाठी राखीव' अशी पाटी बघून फ्लॅट घेणाऱ्याचा चेहरा वीस वर्षांनंतर जसा होतो, तसा चेहरा स्नेह्यांचा अर्ध्या तासात झाला.

पण मराठी माणूस सोय वाया जाऊ देत नाही. कॅमेरा मागवला गेला, आणि एका शनिवारी ड्राइव्हवेवर आम्ही मंडळातली माणसं जमलो. गणपतीच्या मांडवाचा अनुभव सगळ्यांच्याच गाठीशी होता, त्यामुळे काम कोणाला माहीत नव्हतं आणि मत प्रत्येकाला होतं. पहिला प्रश्न वर चढायचा. ट्रेलरच्या माहितीपत्रकात 'लॅडर प्रेप' लिहिलेलं होतं. म्हणजे शिडी अडकवायला चार कड्या होत्या, शिडी आपली आपण आणायची. आणली.

डबी उघडली. आत कारखान्यातून सोडलेली वायर होती आणि तिच्या टोकाला एक प्लग. तो प्लग एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याला बसतो, आणि स्नेह्यांनी स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणलेला. डबीची भोकंही जुळेनात. आता नवी भोकं पाडायची का? इथे सगळे गप्प झाले. ट्रेलर बाळगणाऱ्या माणसाला मृत्यूची भीती नसते इतकी पाण्याची असते. बाहेरचं फायबरग्लास पातळ, आत लाकडी फळी. एका स्क्रूच्या कडेने पाणी झिरपलं की दोन वर्षांत भिंत आतून कुजते, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून भोक पाडलं की ब्युटाइलची चिकट पट्टी लावायची, वरून ट्रेलरसाठीचंच सीलंट फिरवायचं. साधं सिलिकॉन मात्र चालत नाही, कारण एकदा ते लावलं की त्यावर नंतर दुसरं काही धरत नाही. हे सगळं एकाने नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग स्नेह्यांचे सासरे घरात गेले आणि कोल्हापूरहून आणलेलं एमसील घेऊन बाहेर आले.

एमसीलवर चर्चा झाली. पाण्याच्या टाकीला चालतं, टॉयलेटच्या पाइपला चालतं, मग याला का नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ताशी सत्तर मैलांनी पळणारं, हादरणारं, उन्हात प्रसरण पावणारं घर त्यांच्या टाकीने कधी पाहिलेलं नव्हतं, एवढीच एक उणीव. शेवटी पट्टीही लागली आणि सासऱ्यांचा मान राखण्यापुरतं एका कोपऱ्यात एमसीलही लागलं.

वायर जोडली, पडदा ट्रकच्या काचेवर चिकटवला, बटण दाबलं. पडदा काळा. सिग्नल नसेल, तरंग अडत असतील, पडदा वीस फूट मागे न्या, असे सगळे उपाय झाले. शेजारचा अमेरिकन म्हातारा कुत्रा फिरवत चाललेला. तो थांबला आणि विचारलं, "दिवे लावलेत का?" दिवसाढवळ्या दिवे कशाला? तर कारखान्याने कॅमेऱ्याच्या डबीला वीज दिलेली असते ती मागच्या लाल दिव्यांच्या तारेतून. ट्रकचे दिवे लावा, तर ट्रेलरचे लाल दिवे लागणार, आणि ते लागले तर कॅमेऱ्याला दिसणार. ट्रक आणि ट्रेलरच्या मधल्या सात पिनांच्या प्लगात रिव्हर्ससाठी एक पिन ठेवलेली आहे, बरोबर मधोमध. बऱ्याच ट्रेलरांत तिला पलीकडे काहीच जोडलेलं नसतं. तीसुद्धा सोयच.

दिवे लावले. चित्र आलं. टाळ्या झाल्या. मग कोणीतरी विचारलं, हे उलटं आहे की सुलटं? पडद्याच्या मेन्यूत दोन पर्याय होते, आरशासारखं किंवा सरळ. आरशासारखं ठेवलं तर उजवीकडचं झाड उजवीकडे दिसतं. सरळ ठेवलं तर उजवीकडचं झाड डावीकडे जातं, पण एमसीलवाल्या सासऱ्यांना तेच बरं वाटलं, कारण "फोटोत असंच असतं." ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते, हे ज्याला पाठ नाही त्याला या मेन्यूने वेड लागायची पाळी येते. जाणकार सांगतात, हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, मग हात जिकडे न्याल तिकडे शेपूट जाईल. इतकी साधी युक्ती असूनही तिच्यासाठी कुठलं उपकरण विकत मिळत नाही, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही.

पहिली कसोटी विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेकच्या कॅम्पग्राउंडवर लागली. अशा ठिकाणी संध्याकाळची करमणूक ठरलेली असते. आधी आलेले लोक खुर्च्या टाकून बसतात आणि नंतर आलेला नवरा ट्रेलर मागे कसा घेतो ते बघतात. कॅमेरा येण्याआधी वहिनी मागे उभ्या राहून हातवारे करायच्या. त्या "डावीकडे" म्हणाल्या की स्नेही खिडकीतून विचारायचे, "कुणाच्या डावीकडे?" या प्रश्नाला अमेरिकेतल्या मराठी संसारांत आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. कॅमेरा आला आणि वहिनींची ही नोकरी गेली. त्या चहाचा कप घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसल्या.

सासऱ्यांना मात्र राहवेना. आयुष्य एसटीत गेलेलं. "आमच्याकडं कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारायचा," असं म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले आणि "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" सुरू केलं. पडद्यावर स्नेह्यांना सासरे पूर्ण दिसत होते, धोतराच्या काठासकट. म्हणून त्यांचं सगळं लक्ष सासऱ्यांना वाचवण्यात गेलं. सासरे वाचले. बाजूला विजेचा खांब होता, तो कॅमेऱ्याच्या चौकटीत नव्हता. ट्रेलरची कूस त्याला घासत गेली तेव्हाही मागून "येऊ द्या" चालूच होतं, कारण मागे जागा खरोखरच भरपूर होती.

कंपन्यांना हे ठाऊक असतं. म्हणून एका कॅमेऱ्यावर भागत नाही, तर दोन्ही कुशींना एकेक असे संचही मिळतात. स्नेह्यांनी ते मागवले आहेत. आता मागे दिसतं, डावीकडे दिसतं, उजवीकडे दिसतं. वर मात्र कोणीच बघत नाही, आणि या देशात ट्रेलरची टाळकी जातात ती वर.

नॉर्थ कॅरोलायनात डरॅम गावी रेल्वेचा एक पूल होता, उंची अकरा फूट आठ इंच. त्याच्या अलीकडे दिवा आहे, पाटी आहे, गाडी उंच असली तर सिग्नल लाल होतो, आणि तरीही ट्रक आणि फिरती घरं त्याच्याखाली घुसून छप्पर सोलून घ्यायची. समोरच्या इमारतीतून कोणीतरी २००८ पासून कॅमेरा लावून हे सगळं टिपत आला आहे. चित्र स्वच्छ, आवाजासकट. रेल्वेने २०१९ साली वैतागून पूल आठ इंच उचलला. छपरं सोलण्याचा कार्यक्रम काही बंद पडला नाही. स्नेही ते व्हिडिओ जेवताना बघतात आणि हसतात.

त्यांच्या मुलाला बॉस्टनच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. ऑगस्टअखेर त्याचं सामान ट्रेलरमध्ये भरून न्यायचं ठरलंय. बॉस्टनला नदीकाठाने स्टोरो ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. त्यावरचे पूल जेमतेम दहा फुटांचे, तोंडाशी 'फक्त मोटारी' अशा पाट्या, आणि दर सप्टेंबरच्या सुमारास विद्यार्थ्यांचं सामान नेणारा भाड्याचा एखादा ट्रक तिथे अडकून पडतोच. मग पोलीस येतात, मागची सगळी वाहतूक थांबवतात. आम्ही हे सांगितल्यावर वहिनींनी माहितीपत्रक काढलं. ट्रेलरची उंची : अकरा फूट दोन इंच. खाली बारीक अक्षरात : छतावरचा एसी वगळून.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "आणि चुकून त्या रस्त्याला लागलो तर?"

"पुलाच्या आधी थांबायचं आणि रिव्हर्स घ्यायचा," स्नेही म्हणाले. "मागचं दिसतंय की आता."