कासवाची नेमणूक

इतकी वर्षे संसार केल्यानंतर माझ्या असे ध्यानात आले आहे की, मी दिलेला हुकूम विनातक्रार, विनाविलंब आणि शब्दशः तामील करणारा या घरात एकच इसम आहे, आणि तो आईच्या खोलीतील कपाटावर, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याला टेकून, तळहातावर मावेल अशा डबीत अहोरात्र जागा असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, वाचा तर नाहीच. रास्पबेरी पाय या नावाच्या या चिमुकल्या संगणकाशी जो व्यवहार करावयाचा तो दुसऱ्या यंत्रावरील काळ्या खिडकीतून, एकेक ओळ टंकून, लेखी करावा लागतो. चित्रांवर टिचक्या मारून काम करवून घेण्याची रीत मला कधी रुचली नाही. ज्याचे उभे आयुष्य महसुली कचेरीत ‘सबब हुकूम करण्यात येतो की’ असे लिहिण्यात गेले, त्यास कमांड लाइन हीच मातृभाषा वाटली तर नवल नाही.

या इसमाकडे सोपविलेले काम परोपकाराचे आहे. जगभरचे स्वयंसेवक सिद्ध करीत असलेल्या डेबियन नावाच्या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रती तो मागेल त्यास वाटतो. ‘मी फक्त लिनक्सच वाटतो’ असे सांगणाऱ्या मनुष्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे मी जाणतो, आणि माझी कन्याही त्याच नजरेने पाहते. परंतु येथे ते खरे आहे. वाटपाची पद्धत बिटटॉरेंटची. 2001 साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने ती प्रसिद्ध केली: मोठ्या फायलीचे तुकडे करावेत, ज्यास जो तुकडा मिळाला त्याने तो पुढच्यास द्यावा, जो आपणास देतो त्यास आपण आधी द्यावे, आणि जो देत नाही त्याच्यापुरते दार लोटून घ्यावे. इतका व्यवहार कोणत्याही पतपेढीच्या संचालकास पटेल. पण त्याच नियमावलीत असेही कलम आहे की, दर तीस सेकंदांनी एखाद्या नव्या मागणाऱ्यास, त्याने काहीही दिलेले नसताना, चाचणीदाखल वाटा द्यावा. हे कलम नसते तर नुकत्याच आलेल्या, पदरी एकही तुकडा नसलेल्या गरिबास आरंभच करता आला नसता.

परंतु परोपकारास घरातूनच हरकत आली. ‘तुमचं वाटप सुरू असलं की आमचं काही उतरत नाही,’ अशी सौभाग्यवतीची तोंडी फिर्याद दाखल झाली. जाणारा माल येणाऱ्या मालाची वाट कशी अडवील, अशी शंका सकृद्दर्शनी रास्त वाटते. पण तक्रार शास्त्रशुद्ध होती. आपल्याकडे उतरणाऱ्या मालाची पोच पाठविणाऱ्यास द्यावी लागते, आणि ती पोच आपल्याच जाणाऱ्या वाटेने जाते. ती वाट लिनक्सच्या तुकड्यांनी तुंबली की पोच रांगेत उभी राहते. पोच वेळेवर न मिळाल्यामुळे पाठविणारा हात आखडता घेतो, आणि इकडे सौभाग्यवतीच्या बैठकीतील सर्व चेहरे, तोंडे उघडी असतानाच, गोठतात.

यावर उपाय म्हणून, डबीत हे वाटप करणाऱ्या ट्रान्समिशन या प्रणालीने एक कासव पदरी बाळगले आहे. हे काव्य नव्हे. तिच्या खिडकीच्या तळाशी कासवाचे चित्र खरोखरच असते, आणि ते जागृत केले की नेहमीची वेगमर्यादा तहकूब होऊन दुसरी, मंद मर्यादा अमलात येते. मूळच्या नेमणुकीत ती सेकंदाला 50 किलोबाइट असते. येथे नवख्याने एवढे ध्यानात ठेवावे की, इंटरनेट विकणारे बिटांत बोलतात आणि ट्रान्समिशन बाइटांत, आणि एका बाइटात आठ बिट असल्यामुळे जाहिरातीतील आकड्याचा अष्टमांशच पदरात पडतो. कासवाने कोणत्या वेळी जागे व्हावे आणि कोणत्या वेळी निजावे याचा हुकूम ट्रान्समिशन-रिमोट या कारकुनामार्फत धाडावयाचा असतो. आपण ‘ऑल्ट-स्पीड-टाइम-बिगिन 0930’ असे लिहावे. दप्तरात मात्र त्याची नोंद 570 अशी होते, कारण मध्यरात्रीपासून किती मिनिटे लोटली याखेरीज दुसरे घड्याळ त्या दप्तरास ठाऊक नाही. कारकुनास डावलून, काम चालू असताना, परभारे दप्तरातच खाडाखोड करणाऱ्यांसाठी योग्य शासन आहे: सेवा बंद होताना आपल्या स्मरणातील जुनी प्रत दप्तरावर उतरवून जाते, आणि खाडाखोड करणाऱ्याचा हस्तव्यवसाय निष्फळ ठरतो. आमच्या कचेरीत ही सोय असती तर किती सातबारे वाचले असते!

आजच्या तरुणांना हा घड्याळाचा व्याप अनावश्यक वाटेल. पण ज्यांनी 2004 सालच्या सरकारी धोरणातील 256 किलोबिटांचे ब्रॉडबँड भोगले आहे, त्यांना वेळापत्रकाची महती सांगावयास नको. त्या दिवसांत रात्री दोन ते सकाळी आठ या मुदतीत उतरविलेल्या मालाची मोजदाद माफ, अशी एक योजना होती, आणि तिच्यापायी अनेक सुशिक्षित गृहस्थ दीड वाजताचा गजर लावून निजत. 256 किलोबिट म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. 700 मेगाबाइटांची एक सीडी या वेगाने उतरविण्यास सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागे, आणि माफी सहाच तासांची. योजना आखणाऱ्याने हा हिशेब मुद्दाम केला होता असे मी म्हणत नाही. पण केला असता तर याहून बारकाईने करता आला नसता.

वेळेनंतर वार. वारांची नोंद करण्याची ट्रान्समिशनची पद्धत पाहिली तेव्हा मला आजोबांच्या बटव्याची आठवण झाली. दप्तरात रविवारची किंमत 1, सोमवारची 2, मंगळवारची 4, बुधवारची 8, गुरुवारची 16, शुक्रवारची 32 आणि शनिवारची 64. जे वार हवे असतील त्यांची बेरीज करून एकच आकडा लिहावयाचा. 1957 साली दशमान नाणी येण्यापूर्वी ज्यांनी बाजार केला आहे त्यांना ही चढण तोंडपाठ असेल: पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली, रुपया. चौसष्ट पैशांचा रुपया, आणि चौसष्टाचा शनिवार! कचेरीचे पाच दिवस म्हणजे 62, अर्थात साडेपंधरा आणे. संपूर्ण सप्ताह 127, म्हणजे दोन रुपयांना एक पैसा कमी. बेरीज कितीही असो, ती कोणत्या नाण्यांनी झाली याविषयी संदेह राहत नाही, कारण प्रत्येक नाणे एकदाच वापरावयाचे. मला एवढेच खटकते की, ज्या रविवारची सारे घर आठवडाभर वाट पाहते, त्याची किंमत या टांकसाळीत एक पैसा आहे. मात्र शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी पहाटे संपणारी मुदत ही शनिवारचीच धरली जाते. सूर्योदयापर्यंत वार बदलत नाही हा आमच्या पंचांगाचा सिद्धांत परदेशी प्रोग्रामरांनीही अर्धामुर्धा का होईना मान्य केला आहे, हे पाहून आईस समाधान वाटले.

येथवर कारभार सुरळीत होता. अडचण अशी की, या कासवास दिवसाकाठी एकच पाळी करता येते; आणि सौभाग्यवतीची बैठक सकाळी, कन्येचा वर्ग दुपारी, आईचे कीर्तन सायंकाळी. मधल्या रिकाम्या वेळी वाटप का थांबवावे? तेव्हा क्रॉनला पाचारण करावे लागले. हा युनिक्सचा फार जुना नोकर. 1979 सालच्या सातव्या आवृत्तीतही तो हजर होता. त्याच्या वहीत प्रत्येक कामापुढे पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रकान्यात तारा काढला की ‘कोणताही चालेल’. त्याची एकच वहिवाट विचित्र आहे: तारीख आणि वार दोन्ही भरले तर तो दोहोंचा मेळ घालीत नाही, ‘1 तारीख’ आणि ‘सोमवार’ असे लिहिले की प्रत्येक एक तारखेस येतो आणि शिवाय प्रत्येक सोमवारीही येतो. दुहेरी हजेरी लावणारे नोकर मी पुष्कळ पाहिले, पण दोन्ही वेळा खरोखर काम करणारा हाच पहिला.

क्रॉनच्या वहीत मी घराचे वेळापत्रक लिहावयास बसलो आणि तेव्हा कोठे कळले की घराला वेळापत्रक नाही. ‘बैठक साडेनऊची, म्हणजे दहाला सुरू होते,’ सौभाग्यवतीने सांगितले, ‘पण कधीकधी साडेनऊला.’ कन्येचे म्हणणे असे की वर्ग दुपारचा आहे, तथापि अभ्यास रात्री दीड वाजता असतो, आणि तो कोणत्या रात्री याची तिला आगाऊ खबर नसते. शेवटी कासवाचे चित्र त्या दोघींच्या भ्रमणध्वनींवर दिसेल अशी तजवीज केली. हाताने दिलेला निर्णय क्रॉनची पुढील नोंद येईतो कायम राहतो, आणि क्रॉन त्याविषयी कुरकुर करीत नाही. तेव्हा माझे वेळापत्रक हल्ली केवळ शिफारशीच्या स्वरूपात जारी असते.

राहिली आई. तिची मागणी निराळीच होती. एकादशीस ती पंढरपूरचे दर्शन पडद्यावर घेते, आणि त्या दिवशी कासवाने मंद चालूही नये, संपूर्ण थांबावे, अशी तिची इच्छा. मर्यादा शून्य लिहिली की झाले. पण शून्याविषयीही प्रणालींत मतभेद आहेत. ट्रान्समिशनमध्ये शून्य म्हणजे काहीच नाही, तर आरटॉरेंट आणि क्यूबिटटॉरेंट यांच्या मते शून्य म्हणजे अमर्याद. आमच्या सुदैवाने आम्ही पहिल्या पंथाचे. खरा पेच पुढे होता: क्रॉनला तारीख कळते, वार कळतो, तिथी कळत नाही. म्हणून वर्षभराच्या एकादश्या हाताने उतरवून घेण्यासाठी कपाटावरचे चालू पंचांग काढून मी तिच्यासमोर बसलो, तो एका पक्षात लागोपाठ दोन दिवशी एकादशी: आदल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत.

“यातली कोणती लिहू?” मी विचारले.

“स्मार्त सासरची आणि भागवत माहेरची,” आई म्हणाली. “दोन्ही लिही. दोन दिवस उपास घडला म्हणून त्या डबीला काही चक्कर यायची नाही.”