वजन किती उतरलं?

व्यायाम सुरू केलेल्या माणसाला जो भेटेल तो एकच विचारतो, वजन किती उतरलं? झोप लागते का, गुडघे कुरकुरायचे थांबले का, तीन मजले न थांबता चढता का, हे कुणी विचारत नाही. ‘काहीच नाही उतरलं’ म्हटलं की समोरच्याला जी कीव येते, ती पाहून नेमाने घाम गाळणारी माणसं व्यायामच सोडून देतात. याचा मला संताप येतो.

काट्याला हाड, स्नायू, चरबी, पाणी सगळं सारखंच. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा पटकन खाली येतो. ‘आठवड्यात पाच किलो’च्या जाहिराती या पाण्यावर जगतात.

आपल्याला तर काटा जास्तच फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक हातपाय आणि पोटात दडलेली चरबी, ही आपल्याकडची ठेवण. मधुमेह त्याच वाटेने घरात शिरतो. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्यानेही शिंप्याची टेप घ्यावी, श्वास सोडावा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजावं. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली बांधलेली असते. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. भारतीयांसाठी धोक्याची रेघ तिथे आहे.

आणि ताकद? १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या मुठीची पकड मोजणारा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात भारतही होता. पकड जितकी ढिली, तितका मृत्यूचा धोका जास्त. आणि हा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यावरून बांधलेल्या अंदाजापेक्षाही भक्कम निघाला. चाळिशीनंतर स्नायू झिजत असताना एखादी बाई डंबेल्स उचलायला लागते, कंबर दोन इंच आत जाते, काटा जागचा हलत नाही, आणि घरचे म्हणतात, पैसे वाया गेले. तिने कमावलंय ते त्यांना दिसतच नाही.

जिमच्या प्रशिक्षकांनो, दर सोमवारी सगळ्यांदेखत वजन पुकारणं बंद करा. तुमच्या वहीत कंबरेचा एक रकाना आखा. दुसरा खुर्चीचा : हाताची घडी छातीशी, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता आलं. महिन्याने पुन्हा मोजा, आणि पुकारायचंच असेल तर तो आकडा पुकारा.