खेळण्यातला आवाज बरा
मेटालिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम २००८ साली आला आणि चाहत्यांना वाटलं, आपले स्पीकरच फाटले. स्पीकर धडधाकट होते. फाटला होता तो आवाज. आवाजातले चढ-उतार दाबणाऱ्या कॉम्प्रेशनचा असा वरवंटा फिरवलेला, की ड्रमचा ठोका आणि गिटारची खरखर एकाच पातळीवर! मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी हात झटकले: मिक्स हाती आलं तेच ठेचलेलं. हजारोंनी सह्या करून रीमिक्स मागितलं. खरी गंमत पुढेच. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये मात्र स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे सीडी घेणाऱ्या भक्ताला चेंदामेंदा, अन् प्लास्टिकची गिटार बडवणाऱ्या पोराला अस्सल माल! तेव्हा रसिकहो, अल्बम नीट ऐकायचाय? मग जुना गेम शोधा.