दंतवैद्य निवडीची शास्त्रोक्त पद्धत

सांगलीहून पुण्यात नोकरीला आलेल्या तरुणाने फ्लॅट, डबा आणि वाय-फाय लावून घ्यावे; दंतवैद्य मात्र शोधू नये. त्याचा मुहूर्त ठरलेला आहे : शनिवारी रात्री, अक्कलदाढ सुजून तोंड उघडेनासे झाल्यावर. ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात उगवते, म्हणजे माणसाने नुकतेच घर सोडलेले असते तेव्हा. निसर्गाला विनोदबुद्धी आहे.

प्रथमोपचार लवंगेचा. तिच्यातल्या युजेनॉलने ठणका थोडा वेळ बधिर होतो. तेवढ्यात आईला फोन करावा. "कधीपासून दुखतेय?" या प्रश्नाला खरे उत्तर देऊ नये. "इकडेच ये, काकांना दाखवू," हे पुढचे वाक्य तरीही येणारच. काका म्हणजे तुमचे दुधाचे दात ज्यांनी पाडले ते डॉक्टर. त्यांच्याकडे अपॉइंटमेंट नसते, बाक असतो. दाढ पुण्यात आणि काका सांगलीत, ही अडचण आईच्या लेखी अडचणच नव्हे.

आता छाननी. पार्किंग, एसी आणि रिसेप्शनवरची माशांची टाकी या क्रमाने गुण द्यावेत. "स्टाफ फार प्रेमळ आहे" असा अभिप्राय दिसला की निवड पक्की समजावी. दारावरची पाटी वाचण्याची प्रथा नाही. तरी कुणी वाचलीच, तर बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षे आणि एमडीएस म्हणजे त्यापुढे एकाच विषयाची तीन. रूट कॅनॉल हा एंडोडॉन्टिस्टचा खास विषय, वेडेवाकडे दात ऑर्थोडॉन्टिस्टचा. साधी दाढ बीडीएसही उत्तम काढतात. हाडात आडवी रुतलेली असेल तर ओरल सर्जन बरा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पुण्यात तो वापरण्यापूर्वी आवाजाची पट्टी तपासून घ्यावी.

खुर्चीवर आडवे झाल्यावर, तोंडात आरसा असताना, "काय करता?" असे विचारले जाईल. "आयटीत" म्हणू नये. दातावर बसवायची कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली किंवा झिर्कोनियाची अशी अनेक प्रकारची मिळते, पण हे उत्तर दिले की पहिले दोन प्रकार दुकानातून नाहीसे होण्याचा संभव असतो. आणि कंपनीचा आरोग्यविमा? अपघातात दात पडला नसेल, तर त्यात दातांचा खर्च सहसा बसत नाही.

पण एखादा डॉक्टर एक्स-रे पडद्यावर लावून कीड कुठवर गेली ते बोटाने दाखवतो. उपकरणांचे निर्जंतुक पाकीट तुमच्यासमोर फोडतो. खर्च आधी कागदावर लिहून देतो. शेजारच्या दाताबद्दल म्हणतो, "याला आत्ता हात लावायला नको, सहा महिन्यांनी बघू." याच्याकडे मासे नसले तरी चालतील. स्वतःचे उत्पन्न सहा महिने पुढे ढकलणारा माणूस सोडू नये.

खिसा अगदीच हलका असेल तर पिंपरीत डी. वाय. पाटील आणि धनकवडीत भारती विद्यापीठ यांची दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी काम करतात आणि प्राध्यापक तपासतात. पैसे कमी लागतात, वेळ जास्त. अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि दाढ ठणकायच्या आधी जा.